घर पाहून आल्यावर

नागपूरच्या इतवारीतल्या त्या कापडाच्या दुकानात गर्दी नसती, तर गोष्ट तिथल्या तिथे मिटली असती. पण दिवस लग्नसराईचे, गादीवर बायकांची दाटी, आणि वामनरावांचा आवाज मुळातच खणखणीत. कचेरीत ते शाई मागवत, तर फाटकाबाहेरचा पानवाला वळून बघे. त्याच आवाजात ते दुकानदाराला म्हणाले, "शेठ, तेरा तारखेले आमच्या पोरीची तेरवी आहे. विहीणबाईसाठी चांगलं लुगडं दाखवा."

गादीवरचे हात थांबले. एका म्हातारीनं डोळे मिटून रामाचं नाव घेतलं. वामनरावांची बायको वच्छला त्यांच्याकडे अशी पाहू लागली, की आपल्या खांद्यावर पाल पडली की काय असं त्यांना वाटलं. आपण काय बोललो हे तिनं कानाशी लागून सांगितलं तेव्हा कुठे कळलं. म्हणायचं होतं साक्षगंध. कुंकू लागायचं, पेढे वाटायचे, सोयरीक पक्की व्हायची. आणि तोंडातून निघालं ते मेलेल्या माणसाच्या तेराव्याचं जेवण.

शेठ मुरलेला गडी. तेरा तारीख डोक्यात बसली, म्हणून जीभ घसरली, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली आणि भराभर लुगडी उलगडली. वच्छलानं हाताला लागलं ते पहिलंच उचललं आणि भावाची घासाघीस न करता बाहेर पडली. इतवारीत तिच्या हातून असं आजवर कधी घडलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर तिनं मीठ-मोहरीनं मुलीची दृष्ट काढली, आणि लग्न लागेपर्यंत तोंडाला कुलूप घाला म्हणून नवऱ्याला बजावलं. तिच्या रागाचं वामनरावांना काही नव्हतं. बाईमाणूस चिडायचंच. त्यांना धास्ती बसली होती ती निराळ्याच गोष्टीची.

त्यांचे काका बळीराम असेच सुरू झाले होते. आधी बैलाला मुलाच्या नावानं हाक मारली, तेव्हा सगळे हसले. मग जेवताना बायकोला वहिनी म्हणाले, तेव्हा थोडे कमी हसले. पुढे शेताच्या धुऱ्यावर बसून स्वतःशीच बोलू लागले, आणि शेवटी नागपूरच्या पागलखान्यात गेले ते तिथेच संपले. कामठीच्या सोयऱ्यांना वामनरावांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगतं कोण? वेडाच्या घरची पोर कोणी करत नाही.

आणि सोयरीक तर अशी, की भाऊबंदांच्या पोटात दुखावं. कामठीचे रामाजी, घरची धानाची गिरणी, दोन मुलगे. थोरल्याचं लग्न झालेलं, धाकटा गोविंदा विजेच्या खात्यात. हुंड्याची बात नाही. मागच्या महिन्यात वामनराव रीतीप्रमाणे घर पाहायला गेले होते. घर पाहायचं म्हणजे पाहण्यात त्यांनी कसर ठेवली नाही. विहिरीचं पाणी चाखलं, भिंती ठोकल्या, गोठ्यात डोकावले, छतावर चढून आले. मग पंगतीला बसले, पोटभर जेवले, रामाजींच्या गमतींवर ठसका लागेस्तोवर हसले आणि हात धुता धुता होकार देऊन मोकळे झाले. कुसुमलाही मुलगा आवडला होता. एरवी शब्दाला महाग असलेली ही पोर धुणं धुताना गुणगुणू लागली होती, आणि ते ऐकून बापाला आपण जन्मात एक तरी काम नीट केलं असं वाटत होतं.

म्हणून तर भीती जास्त. ऐन वेळी डोकं दगा देणार, आणि पोरीचं भरलं ताट आपल्याच हातानं उलटणार.

त्यांनी स्वतःवर पहारा बसवला. शब्द तोंडाबाहेर काढण्याआधी मनात दोनदा तपासून घेऊ लागले. पण पहारेकरी पुढच्या दारात आणि चोर मागच्या. कचेरीत कोणीतरी सहज जावयाचं नाव विचारलं, तर ते आठवेना. देवाचंच नाव, मरतानासुद्धा तोंडी यावं असं, आणि वामनराव चष्मा पुसत बसले. साक्षगंधाला किती माणसं येणार ते विचारायला कामठीला निघाले, बसची पाटी नीट वाचली, खिडकीशी बसले, आणि कोराडी मागे पडल्यावर कंडक्टरनं भलत्याच दिशेच्या खाप्याचं तिकीट फाडून हातात ठेवलं. तुम्हीच खापा म्हणाले, असं तो म्हणाला, आणि शेजारच्यानं साक्ष दिली. उतरून उन्हात परत चालताना वामनरावांना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. आपल्यात कोणी दुसराच बसला आहे, तो आपले पाय वळवतो, आपली जीभ चालवतो, आणि आपल्याला विचारतसुद्धा नाही, हे त्यांना त्या रस्त्यावर स्वच्छ कळलं. काकांनाही असंच कळलं असेल का, हा विचार काही जाईना.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी दुपारी ते ओसरीत पाहुण्यांसाठी सतरंज्या झटकत होते. कुसुम स्वयंपाकघरात फळीवरची पितळी परात काढत होती. ती तिच्या हातून निसटली. असा आवाज झाला की शेजारचं पोर जागं होऊन रडू लागलं. वामनराव दारात धावले. आतून वच्छला ओरडली, "हात मोडले का वं?" कुसुम म्हणाली, "परात पडली, मी नाही पडली," आणि हसत हसत, गोल गोल फिरणाऱ्या त्या परातीला पायानं थांबवून तिनं उचललं.

वामनराव सतरंजी हातात धरून तसेच उभे राहिले. काहीतरी राहिलं होतं. पोरीनं काहीतरी करायला हवं होतं आणि ते केलं नव्हतं. काय, ते कळेना. आणि मग कळलं. तिनं हात वर केला नव्हता.

कामठीची पंगत त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. रामाजींची थोरली सून, सुभद्रा, वरण वाढत होती. सासऱ्याजवळ आली आणि तिच्या हातातला डाव निसटून फरशीवर आदळला. आवाज विरायच्या आत तिचं कोपर झटकन तोंडापुढे गेलं, ज्या बाजूला रामाजी बसले होते त्या बाजूनं. दुसऱ्या क्षणी तिनं त्याच हातानं पदर सारखा केला, जणू हात पदरासाठीच उचलला होता. रामाजी गंमत सांगत होते, ते थांबले नाहीत. थोरला, म्हणजे तिचा नवरा, भात कालवत होता. गोविंदानं मान वर केली नाही. त्या घरात कोणालाच त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आणि वामनराव हसत होते. भिंती ठोकून पाहणारे वामनराव हसत होते.

त्यांनी मायलेकींना समोर बसवून सगळं सांगितलं. वच्छलानं कपाळावर हात मारला. उद्या साक्षगंध, पेढे घरात आलेले. "एका कोपरापायी सोयरीक मोडता काय जी? लोक म्हणतीन, बुढ्याचं डोकं फिरलं." वामनराव म्हणाले की लोकांनी म्हणावं.

 कुसुमचा चेहरा उतरला होता, आणि तो पाहणं बापाला जड जात होतं. मग तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच पाह्यलं होतं का? का आता वाटून राह्यलं?"

"पाह्यलं होतं, पोरी," ते म्हणाले. "त्याच दिवशी पाह्यलं होतं. तवापासून आतून कोणीतरी तेच सांगून राह्यलं होतं. मीच ऐकून नव्हतो राह्यलो."

तिनं मान हलवली आणि आत गेली. ती रडली असेल तर आवाज केला नाही.

ते तडक बसस्टँडवर गेले. या वेळी चूक झाली नाही. वाटेत त्यांनी एकच वाक्य घोळवलं: तुमच्या घरात सुनेवर हात उठतो, तिथं मी माझी पोर देत नाही. बोलायचं ते तोंडावर बोलायचं, असं ठरवून कामठीला उतरले.

दार सुभद्रेनंच उघडलं. मामाजी गिरणीवर आहेत, निरोप धाडते, म्हणाली. पाणी आणून दिलं. सासू बाहेर गेलेली होती. वामनरावांना राहवलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमच्या हातून डाव पडला होता. मी पाह्यलं. सोयरीक मोडाले आलो आहे."

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माहं नाव नका घेऊ, काकाजी." आणि रिकामा गडू उचलता उचलता, कोणाला सांगते आहे हे न दाखवता म्हणाली, "माह्या बाबानंबी पाह्यलं होतं. मंग जेवले, अन् गेले."

रामाजी आले ते अंगावर कोंडा घेऊन, हसत, व्याही म्हणून हाक मारत. वामनरावांनी वाटभर घोळवलेलं वाक्य गिळलं. ते बोलले असते, तर त्याची किंमत आज रात्री कोणाला मोजावी लागली असती हे त्यांना दिसत होतं. दुसरं कोणतं कारण त्यांच्याजवळ होतं? एकच होतं.

"रामाजीभाऊ, मी तुमच्यापासून लपवलं," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात पागलपण आहे. माहा सख्खा काका पागलखान्यात मेला. अन् आता मले सुरू झालं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुकानातली तेरवी, खाप्याची बस, जावयाचं विसरलेलं नाव. एकेक शब्द मोजून, जागच्या जागी. इतकं ठिकाणावर त्यांचं डोकं आयुष्यात कधी नव्हतं. रामाजींनी आधी हसून पाहिलं, मग खुर्ची मागे सरकवली, मग आवाज चढवला. फसवणूक म्हणाले, बेइमानी म्हणाले, असल्या खानदानाची पोरगी फुकट नको म्हणाले. वामनराव ऐकत राहिले. ही बातमी उद्या नागपुरात पोचणार, आणि कुसुमला पुढचं स्थळ सांगून येणं कठीण होणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.  तरी ते हात जोडून उठले.

ओसरी उतरताना त्यांनी मागे पाहिलं. सुभद्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. बापाकडे जा म्हणावं, तर बापाचं तिनं सांगून टाकलं होतं. माझ्याकडे ये म्हणावं, तर ते कोण लागत होते? इतके दिवस न विचारता बोलणारी जीभ आता टाळूला चिकटून बसली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं.

आतून रामाजींनी सुनेला हाक मारली, आणि ती आत गेली.

वामनरावांनी चपला घातल्या आणि बसस्टँडची वाट धरली.