ओंजळभर शिळं पाणी

प्राणिसंग्रहालयात येणारी पोरं तिला बेडूकताई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. उष्ण जंगलातले झाडबेडूक सांभाळणं हे तिचं काम. ही मंडळी दिवसा निळ्यापिवळ्या कुशी आणि नारिंगी बोटं अंगाखाली दडपून पानाला अशी चिकटत, की "पेटी रिकामीच आहे" अशी तक्रार करून लोक निघून जात. कुणी फारच जवळ गेलं, तर लालभडक डोळे खाडकन उघडत आणि भलेभले मागे सरत.

पेटीतला एकुलता म्हातारा नर चार दिवसांपूर्वी, अंडी झाल्यावर, मरून गेला. म्हणजे पाण्यावर झुकलेल्या पानावरचा हा चिकट गोळा पहिला आणि शेवटचा. पिल्लं सुटायला अजून अवकाश होता, म्हणून तिने पानाखालचं पाण्याचं ताट घासायला काढलं. पलीकडे फळ्या ठोकायला आलेल्या सुतारकाकांना तिनेच सांगितलं होतं, "खुशाल ड्रिल चालवा. आमचे लोक दिवसा ढाराढूर असतात."

भिंत थरथरली, पानही थरथरलं. गोळ्यातले काळे ठिपके वळवळू लागले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. झोपलेल्यांचा विचार केला आणि अंड्यांना विसरले! साप अंड्यांना तोंड लावतो तेव्हा पान असंच हादरतं, आणि पिल्लं मुदतीआधीच निसटून खाली पाण्यात पडतात. इथे खाली कोरडे खडे होते.

पहिलं पिल्लू टपकलं.

"काका, थांबा!" ड्रिलपुढे कोण ऐकतंय? ताट आणि पाणी घ्यायचा मग, दोन्ही मोरीत साबणात पडलेले. नळाचं क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस उघडं ठेवलेलं शिळं पाणी बादलीत होतं, पण बादली पेटीच्या दारातून जाईना. तिने दोन्ही हात बादलीत बुचकळले, ओंजळ भरली आणि पानाखाली धरली. दुसरं पिल्लू ओंजळीत पडलं. मग तिसरं. मग मोजायची सोय उरली नाही. बोटांच्या फटीतून पाणी झिरपत होतं, आणि तिला स्वतःच्याच हातांचा राग येत होता.

काका ड्रिलचं टोक बदलायला थांबले.

"काका," ती आवाज न चढवता म्हणाली, "तुमचा पाणी प्यायचा ग्लास बादलीत विसळा, भरा आणि इकडे आणा. पळू नका, जमीन हादरते."

काका चवड्यांवर आले. ओंजळ ग्लासात रिती झाली. खड्यावरचं पहिलं पिल्लूही तिने ओल्या बोटाने उचलून आत सोडलं. सगळी तळाशी निपचित पडली.

"मी मारली का गं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही नाही. मीच सांगितलं होतं तुम्हाला, खुशाल चालवा म्हणून."

दोघं ग्लासावर वाकून उभी राहिली. बऱ्याच वेळाने एक शेपटी हलली, मग शेजारची. खड्यावर पडलेलं मात्र शेवटपर्यंत हललं नाही. तिने डोळे पुसले आणि ते वेगळं काढलं.

पानावर अजून थोडी अंडी शाबूत होती. काकांनी ड्रिलची वायर काढून गुंडाळली आणि उरलेले सगळे स्क्रू संध्याकाळपर्यंत हातानेच पिळले.