मांजराची पाठ

"फोन म्हणतोय, अजून तीन दिवस ऊन आहे. गवत उद्या बांधू," असं म्हणून माझ्या नवऱ्यानं, उदयनं, गवत ओढायचं दाताळं भिंतीला टेकवलं आणि तिथंच वादाला तोंड फुटलं.

उत्तर आयर्लंडात फर्मॅनाकडं आमचं चार एकर रान आणि बावीस मेंढरं. नर्सची नोकरी सांभाळून उदयनं हा व्याप मांडलाय. गेल्या साली गवत भिजून कुजलं. हिवाळ्यात मेंढरं दावणीशी ओरडायची, ते अजून माझ्या कानात आहे. यंदाचं सगळं गवत कापून रानात वाळत पडलं होतं.

शेजारची एलिझाबेथ चहाला आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. डोंगर जवळ दिसला, पाकोळ्या खालून उडाल्या, मांजर चुलीला पाठ करून बसलं, की पाऊस येणार, हे तिचं आयरिश शास्त्र. इकडं चूल उन्हाळ्यातही पेटलेली असते. त्या दिवशी डोंगर लांब होता, पाकोळ्या उंच होत्या, पण आमचं मांजर चुलीला पाठ करून ताठ बसलेलं.

"आजच बांधा," ती म्हणाली. "डोंगर चुकेल, मांजर नाही चुकायचं."

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. विट्याहून आलेल्या सासूबाईंना मी आत्याच म्हणते; यमुनाआत्यांना ते लगेच पटलं.

"आरं उदय, म्हातारीनं हितं अठ्ठ्याहत्तर पावसाळं काढल्यात. तुझ्या फोननं किती काढलं?"

"आई, आणखी एक ऊन लागलं तर बरं."

"मांजराकडं बघ की जरा."

उदय हरला. एलिझाबेथनं स्वतः ट्रॅक्टरला गठ्ठे बांधायचं मशीन जोडून आणलं. आत्या पदर खोचून गवत ओढत होत्या. शेवटचा गठ्ठा शेडात गेला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि आभाळ लख्ख निळं होतं. उदयनं फोनवरचा सूर्य आत्यांसमोर धरला. मला त्याची कीव आली आणि आत्यांचा रागही.

चहा ठेवायला आत गेले, तर मांजर तसंच बसलेलं. त्याच्या समोर, दाराच्या खुंटीला, आत्यांनी सकाळीच सुक्या बोंबलांची जुडी टांगली होती.

मी एलिझाबेथला दाखवलं. तिनं आधी बोंबलांकडं, मग मांजराकडं पाहिलं.

"मंजी ते पावसाचं नव्हतं व्हय?" आत्यांनी विचारलं. मग गुपचूप बोंबील भाजले आणि डोकी मांजराला घातली.

सकाळी उठलो तर शेडाच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. फोनवर अजून सूर्यच. उदय खिडकीतून कोरड्या गठ्ठ्यांकडं बघत राहिला आणि त्याला हसू आवरेना.

मांजर चुलीकडं तोंड करून निवांत झोपलं होतं.