ताडावरून पडल्याचा कागद

छपरावर चढायच्या आधीच ग्रेगरीचं मुकादमाशी वाजलं. मालाडच्या खाडीकडचं ते जुनं गोदाम, त्याचे सिमेंटचे पत्रे उन्हापावसानं पापडागत झालेले. असे पत्रे बदलायचे तर आधी आडव्या फळ्या टाकायच्या आणि फळीवरच पाय द्यायचा, हे शेंबडं पोरगंही सांगेल. ग्रेगरीनं फळ्या मागितल्या, कमरेला पट्टा मागितला. मुकादम प्रितम म्हणाला, फळ्या दुसऱ्या साइटवर गेल्यात, आजचा दिवस बोल्टाच्या ओळीनं सांभाळून चाल. ग्रेगरी तणतणला. पण वैशाख संपत आला होता, गावठाणातल्या त्याच्या वाडीची विहीर तळाला गेली होती, वांगी उभी करपली होती. काम सोडून चालणार नव्हतं. चढला.

अकराच्या सुमाराला पत्रा मोडला. खाली दोर धरून उभ्या असलेल्या बिगारी मालननं वर पाहिलं, तोवर माणूस वीस फूट खाली, तिच्या पायाशी येऊन आदळला होता. मांडीचं हाड मोडलं, कंबर चेचली.

चौथ्या दिवशी प्रितम दवाखान्यात आला. एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात कागद. ठेकेदार दुसऱ्याच्या काठीनं साप मारणारा, स्वतः कशाला येतोय? त्यानं लिहून पाठवलं होतं की ग्रेगरी आपल्या वाडीतल्या ताडावरून पडला, गोदामाशी त्याचा काही संबंध नाही. सही केलीस तर बरा झाल्यावर काम पक्कं, नाहीतर मालाडपासून पवईपर्यंत कुणी तुला उभं करणार नाही, असं प्रितमनं हळू आवाजात समजावलं.

पायाशी ग्रेगरीची बायको पर्पेच्युआ बसली होती. घरात कमावता तोच एक.

ग्रेगरीनं कागद दोनदा वाचला. बापाच्या हाताखाली तो ताडी काढायला शिकला होता. भरपावसात शेवाळल्या खोडावर चढलेला माणूस.

"कामावरशी काढ मना," तो म्हणाला. "पन ताडानं मना कंदी फेकला नाय. तुमच्या पत्र्यानं फेकला. ह्यावर मी सही करनार नाय."

प्रितम पर्पेच्युआकडे वळला. वहिनी, तुम्ही तरी सांगा, म्हणाला.

"त्याला उठाला येत नाय," ती म्हणाली. "तू उठ."

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला यायचा होता. पर्पेच्युआ सकाळीच मालनच्या खोलीवर गेली. मालन घाटावरची, एकटी, त्याच साइटवर पोट भरणारी. जे पाहिलंस ते हवालदाराला सांग, एवढंच पर्पेच्युआनं मागितलं. मालन पदर खोचून निघाली.

हवालदारानं लिहिलं, 'पाय घसरून पडला.' त्यानं वाचून दाखवल्यावर मालननं शाईचा अंगठा मागं घेतला.

"घसरला न्हाय. पत्रा मोडला. फळ्या मागितल्या हुत्या, दिल्या न्हाईत. तसं लिवा, मग आंगठा देते."

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं, कागद फाडला आणि नव्यानं लिहायला घेतलं.

ही बातमी गोदामावर पोचली तसे बाकीचे सहा गडी सावलीला जाऊन बसले. फळ्या आल्याशिवाय एकही वर चढेना. दुपारी टेम्पो आला. पट्टे आले, फळ्याही आल्या, आणि त्या प्रितमनं स्वतः खांद्यावर वाहून आत नेल्या.

ग्रेगरीचा पाय दोन बोटं आखूड राहिला. मालनला त्या साइटवर परत घेतलं नाही. ती आता पर्पेच्युआबरोबर वाडीत मुळा-माठ लावते. ठेकेदारावर केस उभी आहे. त्याचा वकील दर खेपेला पुढची तारीख मागून घेतो, आणि दर तारखेला या दोघी ग्रेगरीला मधे धरून कोर्टाच्या पायऱ्या चढतात.