लाल लावलेला माल

आमच्या माण तालुक्यात मेंढरं बाजाराला न्यायच्या आधी एक काम ठरलेलं असायचं. कळप सगळा एकत्रच बाजारात जायचा, म्हणून जी ठेवायची ती आधी निवडायची आणि त्यांच्या कपाळाला गेरू लावायचा. पैदाशीचा मेंढा, दुधाची मेंढी, बिरोबाला बोललेलं कोकरू. बिनरंगाची राहतील ती व्यापाऱ्याच्या मागं जायची. हे कुणी कुणाला शिकवत नसे. लाल दिसलं की ते घरचं, एवढं आमच्यात सगळ्यांनाच कळायचं.

अर्जुना माझा चुलतभाऊ. त्याचा थोरला भाऊ बिरा जपानशी लढाई सुरू झाल्यावर दहिवडीच्या बाजारातूनच भरती झाला आणि तोफखान्यात गेला. पुढं ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला, एवढंच आम्हाला कळलं. अर्जुनालाही जायचं होतं. पण त्याच्या आईनं, म्हणजे धोंडुबाई चुलतीनं, भरतीच्या रांगेतून त्याचा सदरा धरून त्याला बाहेर ओढलं.

"एक दिला सरकारला," ती म्हणाली. "ह्यो माझा हाय."

रांगेतले हसले. भरतीचा हवालदारही हसला.

पुढच्या साली त्याच बाजारात दुसरी दवंडी पिटली. सांगलीजवळ, माधवनगरच्या रस्त्याला एका कारखान्यात लढाईचं सामान होणार होतं. कारागीर पुरत नव्हते, म्हणून अडाणी माणसांनाही काम शिकवून घेणार होते. शिकताना पगार आणि वर जेवण. त्या वर्षी चारा नव्हता, कळप निम्म्यावर आला होता. मी आणि अर्जुना निघालो. ह्या वेळी चुलतीनं सदरा धरला नाही. भाकरी बांधून दिल्या आणि म्हणाली, "बिराच्या तोफंचं सामान हाय ते. हात राखून करू नगा."

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. लढाईच्या आधी तिथं उसाचे चरक दुरुस्त होत असत. मालक दादासो सांगलीत राहायचे, दिवसातून एकदा चक्कर मारायचे. बाकी सगळं आप्पासो मिस्त्रींच्या हाती. त्यांनी आम्हाला आधी नुसतं लोखंड घासायला लावलं. पकडीत तुकडा धरायचा आणि कानशीनं सपाट करायचा. आमचा तुकडा मधे फुगायचा, कडांना उतरायचा. मिस्त्री तो उजेडाकडं धरून म्हणायचे, "हे काय नंदीचं वशिंड केलंय का रं? दाबतोस कशाला? ते काय मेंढरू हाय, पळून जाईल म्हणून?"

"आवं मिस्त्री, मेंढराला दाबत न्हाईत," अर्जुना म्हणाला. "लोकर कातरताना हात जड पडला तर कातडं येतंय."

"मग तसाच धर की कानस. कातर हाय समज."

त्या दिवसापासून अर्जुनाचा तुकडा सपाट होऊ लागला. माझा व्हायला फार दिवस लागले. पुढं लेथवर बसवलं तेव्हाही त्याच्या हाताला काम लवकर आलं. पितळेचा निघणारा काप तो बोटावर घेऊन बघायचा आणि आवाजावरून हत्यार पाजळायची वेळ ओळखायचा. मिस्त्री इतरांना म्हणायचे, "बघा, धनगर बघा." कौतुकही असायचं, टोमणाही असायचा.

आम्ही टोप्या करायचो. तोफेच्या गोळ्याच्या टोकाला आट्यांनी बसायची ती पितळेची टोपी. तिच्या मधोमध भोक, भोकात पुढं दुसरीकडं सुई बसवत. भोक नेमकं लागायचं. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं.

"भोक सैल झालं तर सुई हलती. सुई हलली तर गोळा एक तर फुटतच न्हाई, न्हाईतर तोफंच्या तोंडातच फुटतो. आणि तोफंपाशी कोण असतंय?"

अर्जुना म्हणाला, "बिरा असतोय."

मिस्त्रींना बिरा कोण ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यानंतर अर्जुनाच्या टोप्या त्यांनी कधी दोनदा तपासल्या नाहीत.

थंडीत विलायती यंत्र आलं. बैलगाडीवरून पेटी उतरवताना दोघांचे हात सोलले. त्याच्या फिरत्या डोक्यात सहा हत्यारं एकदम बसायची. दांडा ओढला की एक हत्यार पुढं, परत ओढला की दुसरं. दिवसाचं काम दुपारपर्यंत व्हायला लागलं. आम्ही त्याला रावण म्हणायचो. शिकवायला पुण्याहून एक माणूस आला, घाईघाईनं दाखवून गेला. मिस्त्रींचाही त्यावर हात बसलेला नव्हता. माल भराभर पडायचा, पण त्यातला बराच सैल जायचा.

आधी खराब टोपी निघाली की मिस्त्री ती तिथंच भंगाराच्या पाटीत फेकायचे. माल वाढला तसा पुण्याहून तपासनीस साहेब येऊ लागले. त्यांच्याकडं काटा हलणारं घड्याळासारखं साधन होतं. ते टोपीत घालायचं आणि काटा कुठं थांबतो ते बघायचं. पहिल्या दिवशी साहेब सकाळभर टेबलाशी बसले. खराब निघेल तिच्यावर ब्रशनं लाल रंगाचा टिपका देऊन एका बाजूला ठेवायचे, चांगली तशीच दुसऱ्या बाजूला. काम संपवून ते मिस्त्रींना घेऊन मालकांकडं सांगलीला गेले. दुपारच्या गाडीनं माल जायचा होता आणि पेट्या भरणारा हरिबा तापानं पडला होता. जाता जाता मिस्त्री अर्जुनाला म्हणाले, "साहेबांनी बघितल्याला माल पुसून पेट्यांत भर. गाडीवान येईल. टाइम चुकवू नको."

मी तेव्हा रावणाच्या दांड्यावर होतो. अर्जुना टेबलाशी गेला. तिथं दोन ढीग. एकाला लाल, एकाला काही नाही.

त्यानं जे केलं ते मीही केलं असतं. आमच्यातल्या कुणीही केलं असतं. लाल लावलेला ढीग त्यानं आपला मानला. ढीग लहान होता, पण साहेब कडक आहे, नवीन यंत्र आहे, एवढाच माल निवडला असेल, असं त्याला वाटलं. शिकवलं होतं तसं त्यानं एकेक टोपी रॉकेलच्या फडक्यानं पुसली. ओला रंग लगेच निघाला. आधीच्या चांगल्या मालानं पेट्या अर्ध्या भरलेल्या होत्या, त्यांत ह्या टोप्या घातल्या, भुसा घातला, फळ्या ठोकल्या. बिनरंगाचा ढीग उचलून भंगाराच्या पाटीत ओतला. गाडीवान पेट्या घेऊन गेला.

साहेब सांगलीहूनच पुढं निघून गेले. मिस्त्री एकटेच परत आले ते पाटीपाशीच थांबले. आतली एक टोपी उचलली, फिरवून बघितली. मग दुसरी.

"हे हितं कुणी टाकलं?"

"मी," अर्जुना म्हणाला. "ते न्हाई न्हवं घ्यायचं?"

"आणि लाल लावल्यालं?"

"भरलं की पेटीत. पुसून."

मिस्त्री खाली बसले. त्यांनी शिवी दिली नाही. ते बसले तेव्हाच अर्जुनाला कळलं. त्यानं हातातलं फडकं उलगडलं. ते लाल झालं होतं.

आम्ही तिघं पळतच माधवनगर स्टेशनला गेलो. डबा अजून उभा होता. मला तो अजून दिसतो. तांबूस रंगाचा, दाराला तार ओवून शिशाचं सील मारलेलं, पुढं बंदूकवाला शिपाई. गाडीवान पलीकडं बैलांना पाणी पाजत होता. आमच्या पेट्या त्या दाराच्या आत, हात पोचेल इतक्या जवळ होत्या.

मिस्त्रींनी स्टेशनमास्तरांना सांगितलं. मास्तर चांगला माणूस होता, सगळं ऐकून घेतलं.

"लष्कराचं सील आहे," ते म्हणाले. "मी उघडलं तर मला बेड्या पडतील. वरून हुकूम आणा."

"हुकूम येईस्तवर गाडी जाईल."

"मग पुढं पुण्याला थांबवतील. तार करायला सांगा तुमच्या मालकांना."

अर्जुना शिपायापाशी गेला. तो पंजाबी होता. अर्जुनाला हिंदी येत नव्हतं. तो डब्याकडं बोट दाखवत होता, मग हातातलं लाल फडकं दाखवत होता. "माझा भाव हाय तिकडं," तो म्हणत राहिला, "माझा भाव हाय." शिपायानं आधी समजुतीनं मागं सारलं, मग बंदुकीचा दस्ता छातीला टेकवला. इंजिनानं शिटी दिली. गाडी हलली तेव्हा अर्जुना डब्याच्या बाजूनं थोडा चालला आणि फलाट संपल्यावर थांबला.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी दादासोंना सांगितलं. दादासो म्हणाले, तार करतो. केली, असं दुसऱ्या दिवशी म्हणाले. खरं खोटं आम्ही कसं बघणार? तिकडून काही आलं नाही. आली ती पहिल्यापेक्षा मोठी मागणी.

साहेब पुन्हा आले तेव्हा अर्जुना मशीन सोडून त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि झालं ते सांगितलं. मिस्त्रींनी हिंदीतून समजावलं. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"आगे और भी जाँच होती है," ते म्हणाले. "पकड़ लेंगे."

"आन न्हाई पकडलं तर?" अर्जुना म्हणाला.

मिस्त्रींनी ते हिंदीत विचारलं. साहेबांनी चष्मा घातला आणि पुढची टोपी उचलली. "इसको मशीन पे भेजो," ते म्हणाले. "अच्छा हाथ है इसका."

त्यानंतर माणातून जी जी नवी माणसं शिकायला आली, त्यांना मिस्त्री कानस द्यायच्या आधी लाल टोपी दाखवायचे. "तुमच्या मेंढरातलं लाल येगळं, हितलं येगळं. हितं लाल म्हंजे मेलं." माणसं हसायची. शिकून तयार व्हायची. वर्षभरात त्या शेडमध्ये खराब माल अगदी थोडा निघू लागला. अर्जुनाचा तर निघतच नव्हता. तो एकेक टोपी चारचारदा मोजायचा. मिस्त्री म्हणायचे, पुरे रं. तो पुन्हा मोजायचा.

सुट्टीला गावी गेलो की चुलती शेजारणींना ऐकवायची, "माझं दोनी लेक लढाईवर हायती. एक गोळा करतोय, एक उडवतोय." अर्जुना उठून मेंढवाड्याकडं जायचा.

"ह्येला काय झालंय रं?" ती मला विचारायची. "सांगलीचं पानी लागलं व्हय?"

"व्हय," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

लढाई संपली. मागण्या बंद झाल्या. रावण एक दिवस परत पेटीत गेला, आणि शिकलेली माणसं वाट फुटेल तिकडं पांगली. काही मुंबईला गेली. अर्जुनाला मिस्त्रींनी एका गिरणीत मशीनवर लावून देतो म्हटलं. तो नको म्हणाला आणि माझ्याबरोबर माणात परत आला.

बिरा त्याच्या पुढच्या साली आला. धडधाकट आला. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, एवढंच. चुलतीनं बकरं कापलं. जेवताना सगळे त्याला लढाईचं विचारत होते. अर्जुना वाढत होता. वाढता वाढता त्यानं विचारलं, "दादा, गोळं कवा खराब निघायचं का रं?"

"निघायचं की. लय येळा." बिरा हाड चोखत होता. "कवा फुटायचंच न्हाई. कवा लौकर फुटायचं. आमच्या शेजारच्या तोफंवर सिद्धू व्हता, जतकडचा. कानडी बोलायचा, गाणी लय म्हणायचा. त्येच्या तोफंच्या तोंडातच फुटला एकदा. माझा कान तवाच गेला."

"कशानं फुटला?"

"आता कशानं सांगू? कोन म्हणलं तोफ तापल्याली. कोन म्हणलं गोळाच खराब. दुसऱ्या दिवशी आमाला फुडं हलवलं."

"कवा झालं हे?"

बिरानं वर बघितलं. "लढाई संपायच्या आधल्या साली, पावसाच्या तोंडाला. का रं?"

आमचा डबा त्या पावसाच्या आधीच्याच थंडीत गेला होता. तो माल तिथवर पोचला असेल. नसेलही. पुण्यात कुणी पकडला असेल. सिद्धूच्या गोळ्यावर कुठल्या कारखान्याची टोपी होती, हे आता देवालाच ठाऊक.

"काय न्हाई," अर्जुना म्हणाला. "रस्सा वाढू?"

मी नंतर त्याला ओढ्यावर गाठलं. म्हटलं, "सांग त्येला. मन हलकं हुईल."

"काय सांगू?" तो म्हणाला. "सिद्धूला मी मारला म्हणू? का न्हाई मारला म्हणू? दोन्ही मला ठावं न्हाई." मग म्हणाला, "त्यो माणूस तरी कसला, मी बघितलासुदिक न्हाई."

मेंढरं पाणी पीत होती.

दसऱ्याच्या आधी बाजाराची मेंढरं निवडायची वेळ आली. चुलतीनं गेरू कालवून करवंटी अर्जुनापुढं ठेवली. त्यानं ती बाजूला सारली आणि धुण्याची नीळ कालवली. ठेवायच्या मेंढरांच्या कपाळाला निळे टिपके दिले.

चुलती हसली. "आगं बया, मेंढरास्नी गोंदवलं का काय!"

बाजारात व्यापाऱ्याच्या माणसांनी लाल नाही बघून आमची दोन मेंढरं आपल्यांत घेतली, त्यात पैदाशीचा मेंढा. अर्जुना समोरच उभा होता, पण त्यानं अडवलं नाही. मी धावलो, भांडलो. व्यापारी म्हणाला, "आवं, लाल कुठं हाय? निळं कोन लावतंय?" मेंढा तोवर खाटकाच्या कळपात मिसळून पूल ओलांडून गेला होता.

बिरा लय चिडला. "नीळ लावायची कुणी शिकवली रं तुला?"

पुढच्या साली चुलतीनं पुन्हा गेरू कालवून ठेवला, आणि त्यानं पुन्हा नीळ घेतली. करवंटीत गेरू वाळून त्याला भेगा पडायच्या. चुलती तो खरवडून परत फडक्यात बांधायची आणि फळीवर ठेवायची, पुढल्या साली लागंल म्हणून.