उतारावरचा जवळा

ज्या सकाळची गोष्ट मला सांगायची आहे, ती २०१७ सालातली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, ती सकाळ. पण मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाला एकदम मुद्द्यावर ये म्हणू नये, आणि म्हाताऱ्या गाडीलाही. मी एक जुनी हातगाडी आहे. राहते भाईंदरजवळ तारोडी गावात, समुद्राकडे तोंड करून.

मला गॅब्रियलने घडवले. तो बोटीवर खलाशी होता. मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या त्याने मागून आणल्या, सायकलची दोन चाके बसवली आणि कडांना निळा रंग दिला. किनाऱ्यावरची मासळी वाळवणाच्या खळ्यावर नेऊन ओतायची, हे माझे काम. गॅब्रियलची बायको सेसिलिया मला ओढायची. ती जवळा सुकवण्यात पटाईत होती. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. ती पातळ पसरायची, उन्हात वरखाली करायची, आणि पाणी साचणार नाही अशी जागा बघायची. तशी जागा दिसली की सेसिलियाचे डोळे चमकायचे. हे लक्षात ठेवा.

त्यांची मुलगी जुडिथ. ती दीड वर्षाची असताना तिला ताप भरला. ताप उतरला, पण जाताना पायांतले बळ घेऊन गेला.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा सेसिलियाने मला वाळूने घासले, विहिरीच्या पाण्याने धुतले, गोणपाट अंथरले आणि तिला माझ्यात बसवून शाळेत नेले. वाटेत पोरे मागे लागली.

"बोंबील आला! ताजा बोंबील!"

"घेतोस काय?" जुडिथ माझ्यातून ओरडली. "आईला इचारून ये जा आधी!"

मी खूप मासळी वाहिली आहे, पण इतकी तिखट मासळी कधी वाहिली नव्हती.

शाळेला उंच पायऱ्या होत्या. तिथे माझी चाके अडली. हेडमास्तर बाहेर आले, त्यांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, "बाई, हिला रोज उचलून आत कोण ठेवणार? पडली तर जबाबदारी कोणाची? घरी ठेवा तिला."

सेसिलियाने मला वळवले आणि वर्गाच्या खिडकीखाली, भेंडीच्या झाडाच्या सावलीत उभे केले. "पोर भायेर बसंल," ती म्हणाली, "पण शाळंत बसंल."

तसेच झाले. आत पाढे चालायचे, जुडिथ बाहेरून ऐकायची. फळा तिला दिसायचा नाही. आत कोणी अडखळले की उत्तर खिडकीखालून जायचे. मग वर्ग खिदळायचा, "गुरुजी, गाडी बोलली!" त्या दिवसांत माझा मान फार वाढला होता. पण कधी कधी जुडिथ उत्तर देऊन मान खाली घालायची आणि गोणपाटाचे धागे उसवत बसायची. ते मात्र मला एकटीलाच ठाऊक होते.

दुसऱ्या वर्षी आशाबाई शिकवायला आल्या. खिडकीखालून बोलणारी गाडी त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली. त्यांनी काय करावे? सगळा वर्ग भेंडीखाली आणून बसवला आणि फळा माझ्या कडेला टेकवून उभा केला.

हेडमास्तर धावत आले. "बाई, वर्ग आत घ्या!"

"घेते की," आशाबाई म्हणाल्या. "ती आत आली की मागोमाग आम्हीपण येतो."

चार दिवस शाळा झाडाखाली भरली. पाचव्या दिवशी शिपायाला हुकूम झाला, की मुलीला उचलून आत बसवत जा. मी मनात म्हटले, जिंकलो आपण. आता माझे काम तिला पायरीपर्यंत पोहोचवायचे.

पण जुडिथ तेरा वर्षांची झाली, तेव्हा एकदा घरी परतताना ती आईला म्हणाली, "आये, मी पोतं हाय काय? येणारा येतो, काखेत हात घालतो, उचलतो. कोणी इचारत पण न्हाय."

"शाळा मिळाली ना, बाय?"

"मिळाली. पण मी अजून कधी आत गेले न्हाय. मला आत नेली."

माझी चाके तेवढी करकरत राहिली.

जुडिथ शिकली. पुढे दिव्यांग मुलांना शिकवायचे शिक्षणही तिने घेतले. पण वर्गात शिकवण्यापेक्षा वर्गाचे दार उघडण्याचे काम तिने जास्त केले. 'तुमच्या मुलाला आमच्याकडे जमणार नाही' असे जिथे कोणी म्हणाले, तिथे त्या आईबापांबरोबर ती जायची, मुख्याध्यापकांसमोर बसायची, कायदा सांगायची आणि होकार मिळाल्याशिवाय उठायची नाही. मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून ती साऱ्या मीरा-भाईंदरभर फिरायची. लोक तिला जुडिथ मॅडम म्हणू लागले. मी पुन्हा जवळा वाहू लागले. मुलगी मोठी झाली की गाडीने कुरकुरू नये.

एक दिवस तिच्याकडे सुलू आली. सुलूचा नवरा शिवा रिक्षा चालवायचा. महाडकडचे कुटुंब, आमच्या शेजारच्या डोंगरी गावात भाड्याने राहायचे. त्यांची सात वर्षांची आरोही चाकांच्या खुर्चीत होती. शाळा तीच, पायऱ्याही त्याच. फक्त मुख्याध्यापक नवे होते आणि बोलायला गोड होते.

"प्रवेश देतो ना, मॅडम. शिपाई आहे, उचलून नेईल."

"नको," आरोही म्हणाली. "मी माझी माझी जाणार."

जुडिथने तिच्याकडे बघितले आणि खुर्ची पुढे ओढून बसली. दर वेळी शिपायाने उचलून वर न्यावे लागे, तरी ती अख्खा पावसाळा त्या कचेरीत जाऊन बसत होती म्हणा ना; घरी मात्र त्यातले काही सांगत नव्हती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार बांधून झाला. लांब, गुळगुळीत, कठडा लावलेला. आरोहीने शाळा उघडण्याची वाट बघत घरच्या उंबऱ्यावर चाके चढवायचा सराव केला.

आणि आता मी तुम्हाला आमच्या गावाची चूक सांगते.

सुट्टीत शाळा बंद. उतार नवा, दिवसभर उन्हात, पाणी ठरायला जागा नाही. सेसिलियाचे डोळे चमकले. पहाटे तिने मला काठोकाठ भरले आणि त्या उतारावरून वर ढकलत नेले. ज्या पायऱ्यांशी मी जन्मभर अडले, त्यांच्या शेजारून मी अलगद वर गेले. मला इतका आनंद झाला, की हे कशासाठी बांधले आहे ते माझ्याही डोक्यात आले नाही. बाकीच्या बायकांनी बघितले आणि जवळ्याने भरलेल्या आपापल्या पाट्या आणल्या. बघता बघता सगळा उतार जवळ्याने गुलाबी झाला.

शाळा उघडली त्या सकाळी आरोही इस्त्रीच्या गणवेशात तिथे आली आणि थांबली. मागून जुडिथची स्कूटर आली.

"आये! हे काय केलंस?"

"अगो, काय ऊन लागतं हितं! मला वाटलं, गावासाठी केला."

"पोरींनी आत जावं म्हणून केलाय तो!"

"पोरींना पायऱ्या हायत की..." सेसिलिया म्हणाली आणि तिला ती खुर्ची दिसली. तिने खुर्चीकडे बघितले, मग माझ्याकडे. खराटा तिच्या हातातच राहिला.

मुख्याध्यापक हसले. "बघा मॅडम. गावाला याचा उपयोग एवढाच. प्रार्थनेची वेळ झाली, आजच्या दिवस उचलून घेऊ. उद्या बघू."

आज उचलली तर रोज उचलतील, हे जुडिथला कोणी सांगायला नको होते. पण या वेळी वाट तिच्याच आईने आणि गावाने अडवली होती.

शिपाई पुढे झाला. आरोहीने दोन्ही चाके घट्ट धरली. "मी थांबते," ती म्हणाली.

मग सेसिलिया वाकली. पदर खोचला आणि खराट्याने जवळा लोटू लागली. "उठा गो," ती बायकांवर ओरडली, "माती लागू दे जवळ्याला! पोरीची शाळा चालली!" बायका धावल्या. आत प्रार्थना संपली, हजेरी सुरू झाली. अर्धा सुकलेला जवळा धुळीसकट माझ्यात येऊन पडला. मग उतारावर कळश्या ओतल्या.

सेसिलिया ओल्या हातांनी जुडिथच्या स्कूटरजवळ आली. "तुझ्या वक्ताला हा असता, तर मी तुला त्या झाडाखाली ठेवली नसती गो."

"ठाव हाय, आये," जुडिथ म्हणाली.

आरोही निघाली. मध्यावर टरफलांवरून एक चाक घसरले. सुलूने हात पुढे केले.

"सुलू, हात मागे," जुडिथ म्हणाली.

"पडेल हो मॅडम!"

"पडली तर उठवू. चढू दे."

ती चढली. वर पोहोचल्यावर धापा टाकत वळली. "मॅडम, तुम्ही नाही येत?"

जुडिथने आईकडे बघितले. मग स्कूटर सुरू केली आणि भुर्रकन उतार चढून थेट शाळेच्या व्हरांड्यात गेली. कोणी उचलले नाही, कोणी धरले नाही. खाली सेसिलिया टाळ्या वाजवत ओरडत होती, "जा, आत जा! अजून आत जा!"

आरोही आता दहावीत आहे. पुढे काय होणार विचारले तर दर महिन्याला वेगळे उत्तर देते. शिवा अजून रिक्षा चालवतो, आणि सुलू नव्या आयांना घेऊन जुडिथबरोबर शाळांतून बसते. मुख्याध्यापकांची बदली झाली. तिकडे त्यांनी आपणहून उतार बांधून घेतला म्हणतात. आशाबाई थकल्या आहेत, नाताळला त्यांचा फोन येतो. गॅब्रियल तो उतार बघायला राहिला नव्हता. सेसिलिया दोन वर्षांपूर्वी गेली. पण जाईपर्यंत, कोणी त्या उतारावर पाटी टेकवली, की ती काठी घेऊन उभी राहायची. जुडिथचे केस पांढरे झालेत, स्कूटर तिसरी आहे.

माझे एक चाक गेले आहे. माझ्यात कोणी कुंड्या ठेवल्या आहेत. मी तक्रार करत नाही, मित्रांनो. माझ्यासाठी एवढेच करा. तुमच्या शाळेपाशी, दवाखान्यापाशी, इमारतीच्या दाराशी असा उतार असेल. त्यावर सायकल लावू नका, कुंडी ठेवू नका, काही वाळत घालू नका. तो रिकामा दिसेल, दिवसचे दिवस कोणी चढणार नाही. तरी रिकामाच ठेवा. कोणीतरी घरच्या उंबऱ्यावर सराव करत असते.