खड्ड्यातला पाचवा

तरफेवर ठेवलेला हात तिने काढून घेतला.

"पाच जण उतरले होते," ती म्हणाली. "वर चारच आले."

मुकादम केबिनच्या दारात उभा होता. फाटकापाशी अर्धं गाव लोटलं होतं, खाडीत अडकलेल्या बोटी भोंगे वाजवत होत्या. शंभर वर्षांचा हा उचलता पूल दोन वर्षं दुरुस्तीत पडून होता, आज पहिल्यांदा उघडायचा होता. पूल वर गेला की त्याच्या मागच्या टोकाचं खोलीएवढं लोखंडी वजन खालच्या खड्ड्यात उतरे. त्याच खड्ड्यात सकाळी माणसं वंगण घालायला गेली होती.

मुकादमाने सांगितलं, चारच होते, त्याने स्वतः मोजलेत. साहेब सारखे घड्याळ बघताहेत, पहिल्याच दिवशी नसतं खूळ काढू नका. सासऱ्यांच्या जागी पूल चालवायला तिला घेतलं तेव्हाही, बाईमाणूस ऐनवेळी कच खाईल, असं तो चारचौघांत म्हणाला होता.

असतीलही चार. सकाळच्या धुक्यात नीट दिसलं तरी कुठे होतं? पण हात काही पुढे जाईना. तिने तरफेची किल्ली काढून मुठीत घेतली, बॅटरी उचलली आणि त्याच्या अंगावरूनच खाली गेली.

खड्ड्यात मान वर करून डोक्यावरच्या त्या वजनाकडे बघायची तिची छाती झाली नाही. तिने हाक मारली. तिचाच आवाज फिरून आला. पंपामागे, शिडीखाली, भिंतीतल्या कोनाड्यात ती उजेड टाकत गेली. दर कोपऱ्याला वाटे, आता पाय दिसतील. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, बाकी काही नाही.

ती वर आली. मुकादम पायऱ्यांच्या तोंडाशीच थांबला होता.

"कोणी नाही," बोलणी खायच्या तयारीने ती म्हणाली. "माझंच चुकलं."

साहेब उभे होते तिकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला.

"पंपामागे बघितलंत?"

"बघितलं."

"ताई, वर येताना मोजले मी. उतरताना नव्हते मोजले."

पुन्हा भोंगा वाजला. त्याने तिच्या हातातली बॅटरी घेतली आणि भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत तो खाली उतरू लागला.