बाबांनाच दिसणारा दिवा

मी दिवा बोलतोय. देवापुढचा नव्हे, माझ्यापुढे कोणी हात जोडत नाही. गाझियाबादमधल्या एका जुन्या पेट्रोल गाडीत, स्टिअरिंगमागच्या काचेआड बसलेला मी एक पिवळा दिवा. माझ्या अंगावर एक छोटी गाडी आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेघा आहेत. लोक त्यांना साप समजतात. चाक घसरू लागलं की त्याला आवरणारी एक यंत्रणा गाडीत असते. ती बिघडली की मी पेटायचं, एवढंच माझं काम. निदान मला तसं वाटत होतं. हल्ली कशाचीच खात्री देववत नाही.

कारखान्यात परीक्षा घेतली तेव्हा मी एकदा पेटलो, एकदा विझलो आणि उत्तीर्ण झालो. पुढे कित्येक वर्षं गाडी सुरू होताना क्षणभर डोळा उघडायचा आणि मिटायचा, यापलीकडे मला आयुष्य नव्हतं. काचेआडून माणसं मात्र भरपूर पाहिली. सिग्नलला नाक कोरणारी. चालत्या गाडीचं दार किलकिलं करून पिचकारी टाकणारी. रुग्णवाहिकेच्या शेपटीला धरून पुढे घुसणारी. मला तोंड फिरवता येत नाही, ही माझी मोठी अडचण.

माझे मालक पद्माकरराव यांतले नव्हते. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघणार. पत्नी वासंतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेत. बाई मागे, डाव्या दाराला पाठ टेकून, पाय सीटवर लांब करून बसत.

अशाच एका फेरीत गतिरोधकावर गाडी आदळली. कुठल्याशा चाकाकडून मला येणारा निरोप तुटला आणि मी पेटलो.

"अगं वासंती, हा बघ, दिवा लागला!"

"अहो, मला मागून काय दिसणार? तुमचं टक्कल तेवढं दिसतंय."

घरी पोचेपर्यंत मी विझलो होतो. मुलगा चिराग खाली आला. दिल्लीच्या परिसरात जन्मलेला, वाढलेला, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा.

"कुठेय, बाबा?"

"आत्ता होता रे."

"होता. अच्छा."

त्याने एकट्यानेच गाडी सोसायटीभोवती फिरवून आणली. मी अंधारच. पेटायचा प्रयत्न केला असं सांगायला आवडलं असतं. पण निरोपाशिवाय पेटणारा दिवा खोटारडा.

मग राघवचं गॅरेज. राघवच्या गालात गुटखा होता. त्याने हातभर यंत्र जोडलं आणि म्हणाला, "अंकल, मशीन झूठ नहीं बोलती. इंजन एकदम ओके."

"पर भाई, ये इंजन की बत्ती नहीं है," पद्माकरराव चाचरत म्हणाले. ते यंत्र फक्त इंजिनाचंच वाचत होतं. माझी भाषा त्याला येतच नव्हती.

"एक ही बात है, अंकल. बोलो तो काली टेप चिपका दूँ? टंटा खत्म." एवढं बोलून त्याने गुटख्याच्या बोटाने माझ्यावर टकटक केलं. काचेवर तांबडा डाग उरला. मला शिसारी आली. त्या डागाची थोडी, त्या उपायाची जास्त. ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा, ही इथली दुरुस्ती.

वासंतीबाईंनी एक गोष्ट टिपली होती. "खड्डा आला की मागून, डावीकडून, काहीतरी कटकट वाजतं," त्या चिरागला म्हणाल्या. त्याने गाडीत बसूनच राघवला फोन लावला, "भैया, पीछे का दायाँ पहिया देख लो. मम्मी को उधर से आवाज़ आती है."

त्या चाकाचा वेग मोजणारा भाग बदलला गेला. दवाखान्याच्या पुढच्याच फेरीत, गतिरोधकावर, मी पुन्हा पेटलो. पुन्हा एकट्या पद्माकररावांसमोर.

"नवीन सेन्सर टाकला ना, बाबा? तरी दिसतो? आणि सिर्फ तुम्हालाच?" चिरागने किल्ली खिशात टाकली. "जो नाहीये तो दिवा दिसतो. उद्या जो आहे तो माणूस नाही दिसला तर?"

मला वाटतं, तोच प्रश्न पद्माकरराव स्वतःला आधीपासून विचारत होते.

त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मग स्मरणशक्तीच्या. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत जा. आयुष्यभर आकडे शिकवलेला माणूस प्रत्येक उत्तरानंतर विचारत होता म्हणे, "बरोबर आहे ना?" चिराग हे गाडीत बसून मित्राला हसत हसत सांगत होता. मीही तेव्हा स्वतःवर संशय घेऊ लागलो. खरंच पेटलो होतो का मी?

किल्ली गेली तशी दवाखान्याची फेरीही गेली. टॅक्सीवाले पत्ता ऐकून यायचं टाळत. चिरागच्या नव्या उंच गाडीत बाईंना चढता येईना. गाडी खाली धूळ खात उभी, आणि वर वासंतीबाईंचा गुडघा दिवसेंदिवस आखडत चाललेला.

संक्रांतीला दरवर्षीप्रमाणे काला अंबला जायचं ठरलं. पानिपतावर पडलेल्यांना डोकं टेकवायचं, मराठी मंडळींना तिळगूळ द्यायचा. बाईंना बसता येईल अशी गाडी मीच, म्हणजे आमचीच. चिराग चालवत होता. मागे नेहमीसारख्या वासंतीबाई, पायाशी तिळगुळाचे डबे. पद्माकरराव पुढे बसून बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते. समोर बघणं त्यांनी सोडलंच होतं.

पानिपतच्या अलीकडे मोठा गतिरोधक लागला. मागे कटकट वाजलं. मी पेटलो.

चिरागने मला पाहिलं. बापाकडे पाहिलं. आणि गप्प बसला.

एवढी किळस मला राघवच्या बोटाचीही आली नव्हती. हा गिळून टाकणार, मला कळून चुकलं. विझू नकोस, मी स्वतःला बजावत होतो, जणू ते माझ्या हातात होतं.

"ऐकलंस? हेच ते," मागून वासंतीबाई म्हणाल्या. "डावीकडून!"

"डावीकडून म्हणजे... दायाँ ना?"

"अरे, डावी! हे माझं दार!" त्यांनी दारावर थाप मारली.

"लेफ्ट?" चिरागचा आवाज उतरला. "आई, मी राघवला राइट सांगितलं."

"घोड्या, चाळीशी आली आणि डावं-उजवं कळत नाही?"

"घरात आपण लेफ्ट-राइटच बोलतो ना, यार." आणि तो हसला. "काय कॉमेडी झाली!"

पद्माकरराव हसले नाहीत. खिडकीकडेच बघत त्यांनी विचारलं, "दिवा लागलाय का?"

"...हो."

"तुला दिसतोय?"

"हो, बाबा. दिसतोय."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. माफी कोणी मागितली नाही. या घरात ती रीत नसावी.

दोष डाव्या मागच्या चाकाजवळच्या तारेत निघाला. वरचं रबर शाबूत, आत तांबं तुटलेलं. त्या कोपऱ्यावर बाईंचा भार आला आणि दणका बसला की टोकं सुटायची. एकट्याने चालवून ती कधीच सापडली नसती. तार बदलली. किल्ली परत आली. दवाखाना पुन्हा सुरू झाला.

पण पहिल्या दिवशी पद्माकररावांनी गाडी सुरू केली, आम्ही सगळे दिवे क्षणभर उजळलो आणि विझलो, तरी ते हलेनात. माझ्याकडे वाकून बघत राहिले.

"वासंती, गेला का गं तो? मला वाटतंय गेला. पण..."

बाईंनी पट्टा सोडला, लांब केलेला पाय कण्हत खाली घेतला आणि दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. कोणी इतक्या जवळून, इतकं नीट मला कधी पाहिलं नव्हतं.

"गेलाय," त्या म्हणाल्या. "चला."

मी सध्या विझलेलाच आहे आणि तसंच राहावं ही माझी इच्छा. पण तुमच्या घरी एखाद्या म्हाताऱ्याने "दिवा लागलाय" म्हटलं, तर त्याला वार विचारू नका. आधी त्याच्याशेजारी बसून बघा.